मामांची धुरपेटी

मामा आधी रागवायचे आणि मग गाडी सुरू करायचे. कोणावर रागवायचं हे ठरलेलं नसे. दारात आडवी बसलेली शेजाऱ्याची म्हैस, मागची काच नीट न पुसणारा मी, रस्ता करून देतो म्हणून मतं घेऊन गेलेला पुढारी, जो समोर येईल किंवा आठवेल तो. कोणीच सापडलं नाही तर ते गाडीला बोलत. थोडा वेळ तोंड मोकळं झालं की चेहरा एकदम निवळायचा आणि मग किल्ली फिरायची. शेजारी बसलेल्या नव्या माणसाला वाटायचं, आपण उतरावं की काय. आम्हाला सवय होती.

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात ते सगळ्यांचेच मामा. तसे ते माझ्या आईचे भाऊ, जन्म साखरा गावचा. लग्नानंतर बहिणीच्या गावात जमीन घेऊन राहिले आणि अख्ख्या गावाने त्यांना मामा करून टाकलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. हक्काचे भाचे दोन, माझा थोरला भाऊ आणि मी. राग आमच्या घरात आईच्या माहेराहून आला. माझ्या वाट्याला तो जरा जास्तच आला आहे, आणि हे सगळं मी रागातच लिहितो आहे हे आधीच सांगितलेलं बरं. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोडगोड लिहायची पद्धत आहे. मामांना गोड चालत नसे. चहासुद्धा ते बिनसाखरेचा प्यायचे आणि तो करणाऱ्यावर रागवायचे.

ती पांढरी डिझेल गाडी त्यांनी हौसेने घेतली नव्हती. मामीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिससाठी हिंगोलीला न्यावं लागे. आधी ते जीपने जात. जाताना ठीक, पण येताना मामीच्या अंगात उभं राहायचं त्राण नसायचं. एकदा परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हरने तिच्या शेजारी आणखी दोन माणसं कोंबली आणि तिला उलटी झाली. मामांनी भर रस्त्यात जीप थांबवून असं भांडण केलं की पुढे त्या लाइनीचे जीपवाले त्यांना पाहिलं की दुसरीकडे बघू लागले. लवकरच गाडी दारात आली. तोवर मामांनी ट्रॅक्टरशिवाय काही चालवलं नव्हतं. गिअर अडला की ते गिअरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, पण गाडी शिकले.

मामी त्यांच्या अगदी उलट. ती हसायची आणि गप्प बसायची. डायलिसिस करून येताना तिला घाम सुटायचा, मग ती कपाळाची टिकली काढून समोरच्या कप्प्याच्या झाकणावर चिकटवायची, मान टाकून झोपायची आणि गावाच्या वेशीशी आल्यावर तीच टिकली पुन्हा लावायची. त्या परतीच्या वाटेवर मामा कोणावरही रागवत नसत. मामी झोपलेली असायची ना. मी कितीदा तरी मागच्या सीटवर बसून ती शांतता ऐकली आहे. तेवढा वेळ मामा मला दुसराच कोणी माणूस वाटायचे.

मामी गेली. शेवटच्या दिवशी येताना तिने लावलेली टिकली त्या झाकणावरच राहिली. ती काढायचा विषय आमच्या घरात कोणीही काढला नाही.

त्यानंतर गाडीला काम असं उरलं नाही. घरून शेतात, शेतातून घरी. इंजिन नीट तापायच्या आत मुक्काम यायचा. आणि मग गावाला त्या गाडीचा शोध लागला. परण्यासाठी. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, तो परण्या. पूर्वी त्याला घोडा लागायचा, आता गाडी लागते, आणि ती पांढरी असली तर उत्तम. पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारे, मागे फुलांनी मढवलेली गाडी. नाचणारे हलतील तेवढीच गाडी हलणार. आत नवरदेवाला गरम होतं म्हणून एसी चालू, आणि परण्यात इंजिन बंद पडणं म्हणजे अपशकुन, म्हणून इंजिन सतत चालू. मारुतीचं देऊळ हाकेच्या अंतरावर असलं तरी तिथे पोहोचायला अख्खी दुपार जाते. मामांना हे सगळं अजिबात आवडत नसे. पण मामीला लग्नांची फार हौस होती, म्हणून लग्नाच्या गाडीला ते नाही म्हणू शकत नसत. गावाने हे बरोबर ओळखलं होतं. माणसाची दुखरी जागा ओळखण्यात आमचं गाव हुशार आहे.

अशाच तीन-चार परण्यांनंतर गाडीत मीटरच्या काचेमागे एक पिवळा दिवा लागला. मामांनी आधी त्या दिवशीच्या नवरदेवाला शिव्या घातल्या आणि मग गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. मीही बरोबर होतो. तिथल्या सुपरवायझरने नीट समजावून सांगितलं. नव्या डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत एक फिल्टर असतो. इंजिनातून निघणारी काजळी तो अडवून धरतो, म्हणून या गाड्यांच्या मागे काळा धूर दिसत नाही. फिल्टर भरत आला की गाडी स्वतःच तो खूप तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी तिला मोकळ्या रस्त्यावर, बऱ्या वेगाने, चांगला अर्धा तास तरी पळायला मिळालं पाहिजे. नुसती रांगत राहिली तर काजळी साठत जाते, आधी दिवा लागतो, आणि तरीही लक्ष दिलं नाही तर इंजिन आपला जोर कमी करून टाकतं. मग गाडी बैलगाडीच्या चालीने चालते.

एवढं सांगून त्याने सहज विचारलं, "मामा, पहिले कधी दिवा लागला नव्हता ना? मग पहिले गाडी लांब जात होती का?"

मामा त्याच्यावर असे काही भडकले की शेजारच्या गाडीखालून दोन मिस्त्री बाहेर आले. तुला काय करायच्या चौकशा, तू तुझं काम कर, असं बरंच काही. तो बिचारा पाहतच राहिला. आपण काय चुकीचं बोललो हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं.  परत येताना मामा रस्त्याकडे बघतच म्हणाले, "ती होती तवर हा दिवा एकदाबी लागला न्हाई." मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. एका लोखंडी डब्याने माणसाला हे सांगावं, याचा राग.

पुढच्या सोमवारी मामा नेहमीच्या वेळेला उठले, आंघोळ केली, म्हशीवर रागवले आणि एकटेच गाडी घेऊन हिंगोलीला गेले. गुरुवारी पुन्हा. दवाखान्यासमोरच्या टपरीवर एक चहा घ्यायचा, तो नीट झाला नाही म्हणून टपरीवाल्याला बोलायचं आणि परत यायचं. त्या फिल्टरला त्यांनी धुरपेटी असं नाव ठेवलं. कुठे निघालात असं कोणी विचारलं तर म्हणायचे, धुरपेटी मोकळी करून आणतो. गावाला करमणुकीला विषयच पाहिजे होता. म्हातारा डिझेल जाळायला हिंगोलीला जातो, असं लोक माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, माझ्याच पैशाचा चहा पिऊन, मला ऐकू जाईल असं म्हणत.

धुरपेटीच्या बाबतीत मामांची शिस्त कडक होती. काजळी जळत असताना गाडी थांबवली तर बॉनेटमधला पंखा मोठ्याने ओरडत राहतो. अशा वेळी ते गाडी बंद करत नसत, उलट वळवून पुन्हा मोठ्या रस्त्याला लावत, मग आत बसलेल्या माणसाला कितीही घाई असो. सोयाबीनच्या कुटारावर, भुशावर किंवा वाळल्या गवतावर त्या वेळी गाडी उभी करायची नाही, खाली नळी निखाऱ्यासारखी तापलेली असते. ऑइल घालायचं ते कंपनीने सांगितलेलंच. ड्रममधलं सुटं ऑइल दाखवणाऱ्या दुकानदाराला त्यांनी त्याच्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं की तू घरी लेकराला कोणत्या ड्रममधलं दूध पाजतोस. नाक्यावर एक मिस्त्री होता. तो प्रत्येक डिझेल गाडीवाल्याला एकच सल्ला द्यायचा: फिल्टर कापून आतून रिकामा करा, कटकट मिटली. मामांनाही त्याने तो दिला. मामा म्हणाले, "आधी तुह्या नाकातले केस उपटू दे. मंग धूळ कोण अडवते ते सांग." तेव्हापासून तो मिस्त्री आमची गाडी दिसली की आत जाऊन बसायचा.

परण्याला गाडी देणं मात्र त्यांनी थांबवलं नाही. फक्त आता ते स्वतः चालवत आणि नवरदेव मांडवात पोहोचला की जेवणाला न थांबता, फुलांच्या माळांसकट, तसेच हिंगोलीच्या रस्त्याला लागत. यजमानांना हा अपमान वाटायचा. पंगत बसली आणि मामा गायब. तुमचं लगीन लागलं, आता माह्या गाडीचं पोट साफ होऊ द्या, असं ते तोंडावर सांगत. फुलांच्या पाकळ्या उडवत एकटीच पळणारी नवरदेवाची गाडी पाहून रस्त्यावरच्या लोकांना वाटे, नवरदेव पळून गेला.

अशाच एका गुरुवारी परत येताना त्यांना सोनीबाई दिसली. हिंगोलीच्या जीप स्टँडवर, भिंतीला टेकून, जमिनीवर बसलेली. आमच्या गावाशेजारच्या तांड्यावरची, पन्नाशीची बाई. तिला मामा ओळखत नव्हते. तिच्या दंडावर गुंडाळलेली पांढरी पट्टी मात्र त्यांनी ओळखली. तशी पट्टी त्यांनी आठवड्यातून दोनदा, दोन वर्षांहून जास्त काळ पाहिली होती. त्यांनी गाडी थांबवली आणि उन्हात काहून बसली म्हणून आधी तिला रागावले. घरी सोडतो म्हणाले तर ती उठेना. गाडीत उलटी झाली तर गाडी खराब होईल, म्हणाली. मामा म्हणाले, "व्हऊ दे. गाडी धुता येते. अन मी काई तुह्यासाठी न्हाई थांबलो. गाडीला पळवायचं हाय, गाडीसाठी चाललो. बस."

तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी गाडी आधी तांड्यावर जाऊ लागली. सोनीबाई मागे बसायची. पुढच्या सीटवर बस असं मामांनी कधी म्हटलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही, समोरच्या झाकणावरची टिकली तिने पहिल्याच दिवशी पाहिली होती. पाणी जास्त प्यायली की मामा तिला बोलत, मीठ खाल्लं की बोलत, दार जोरात लावलं तर फारच बोलत. तिचा मुलगा उपकाराची भाषा करू लागला की त्याला गप्प करत. गाडीसाठी येतो, हे पालुपद ठरलेलं. पण येताना ती झोपली की मामा गप्प होतात, हे मी पुन्हा मागच्या सीटवरून पाहिलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो भाग. माझ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, मुलाचं लग्न होतं. रविवारी, गावातच. परण्याला गाडी कोणाची हा प्रश्नच नव्हता. पण घरचं कार्य, मामांना मांडवातून हलता येणार नाही, म्हणून गाडी नवरदेवाचा एक मित्र चालवणार होता. मामांनी दादाला बाजूला घेऊन एकच अट घातली. परण्या झाला की ताबडतोब गाडी मोठ्या रस्त्याला नेऊन चांगली पळवून आणायची, सकाळी सोनीबाईची डायलिसिसची पाळी आहे. दादाने मान डोलावली. दादाची मान कशालाही डोलते.

परण्या सूर्य कलेपर्यंत चालला. पिवळा दिवा देवळाच्या आधीच लागला होता, हे त्या मित्राने नंतर कबूल केलं. थोड्या वेळाने पंखा ओरडायला लागला, तेव्हा गाडी पेट घेते की काय म्हणून त्याने ती बंद करून टाकली. पळवायला नेण्याचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहिलं आणि पंगत सोडवली नाही. संध्याकाळी त्याच गाडीतून नवरीला घरी आणलं. वहिनी पुढे बसली होती. समोर दिवा पेटलेला तिला बरा दिसेना, नवी सून पहिल्यांदा घरात येते आणि समोर हे काय भलतंच. तिने आपल्या पाकिटातली एक मोठी लाल टिकली काढली आणि मीटरच्या काचेवर, बरोबर त्या दिव्यावर चिकटवली. दिवा झाकला गेला. काम झालं.

रात्री मामांनी दादाला विचारलं, फिरवली का. दादा म्हणाला, फिरवली.

मी हे दोन शब्द ऐकले आहेत. मी तिथेच पानं उचलत होतो. चूक झाली, विसरलो, उद्या बघतो, यातलं काहीही तो म्हणाला असता तर मामा ओरडले असते, गाडी घेऊन गेले असते आणि सगळं ठीक झालं असतं. मामांचं ओरडणं टाळण्यासाठी, फक्त तेवढ्यासाठी, माझा भाऊ खोटं बोलला. ज्या माणसाच्या ओरडण्याने आजवर कोणाचं केसाएवढंही नुकसान झालं नव्हतं, त्याच्या ओरडण्यापासून वाचण्यासाठी.

सोमवारी सकाळी मामा तांड्यावर गेले. रविवारी लग्नात सोनीबाईही आली होती, जेवली होती, मीठ-पाणी जास्त झालं होतं. तिचे पाय सुजले होते आणि तिला नीट श्वास घेता येत नव्हता. गाडी गावाबाहेर पडून थोडी पुढे गेली आणि तिचा जोर गेला. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी गाडी रांगत होती. साध्या चढावर सायकलवाला पुढे निघून गेला. मागे सोनीबाई तोंड उघडं ठेवून श्वास ओढत होती. तेव्हा मामांनी ती टिकली नखाने काढली आणि खाली दिवा जळताना दिसला. त्या वेळी एक जीप भरून निघून गेली, दुसरी थांबली नाही. शेवटी हळदीची पोती घेऊन हिंगोलीच्या बाजारात चाललेला एक टेम्पो मामांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवला आणि तिला पोत्यांवर झोपवून नेलं. पोहोचेपर्यंत तिची पाळी टळून गेली होती. दवाखान्याने धावपळ करून तिला ऑक्सिजन लावला, दुपारी मशीन दिलं. ती वाचली. पण नंतर बरेच दिवस ती चार पावलं चालली की खाली बसायची.

संध्याकाळी दादाकडे सत्यनारायणाची पूजा होती. मामा तसेच, अंगभर हळदीची पिवळी धूळ घेऊन मांडवात आले. डीजेवाल्यावर ओरडले, नवरदेवाच्या मित्रावर ओरडले, वहिनीवर ओरडले, भटजींनी मध्ये काही म्हटलं तर त्यांच्यावरही ओरडले. पाहुण्यांसमोर, नव्या सुनेसमोर. दादाकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून मामा दादावर कधीच रागवले नाहीत. समोर आला तर बस म्हणायचे, पाणी पी म्हणायचे. यापेक्षा मोठी शिक्षा आमच्या घरात नाही. दादाला ती कळली का, मला शंका आहे. त्याला वाटलं, मामा निवळले.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मशीन लावून काजळी जाळली आणि गाडी पुन्हा पळायला लागली. ती आणायला मामांबरोबर मी गेलो होतो. येताना मामांना म्हणालो, सकाळी बसताना काचेवर टिकली दिसली असेल ना, तेव्हाच का नाही काढली? मला वाटलं, आता मला दोन शिव्या बसणार. मामा समोरच्या झाकणाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथली जागा रिकामी दिसली. धुताना पोरायनं तिची टिकली काढून तिकडं लावली, असं वाटलं मला. हात लावू वाटला न्हाई." मामीची टिकली परण्यासाठी गाडी धुतली तेव्हाच पाण्याबरोबर गेली होती. मी ती धुतल्या जागी, चिखलात, वेड्यासारखी शोधली. मिळाली नाही. मला अजूनही त्या लग्नाचा फोटो कोणाच्या घरात दिसला की तो भिंतीवरून उतरवावासा वाटतो.

पुढच्या गुरुवारी मामा तांड्यावर गेले तेव्हा सोनीबाईचा मुलगा दारात उभा होता. तो नम्रपणेच बोलला. "मामा, तुमची लई मेहरबानी झाली. पण आता नगं. आमी जीपनं जाऊ." मामा गाडीत जाऊन बसले. जीप निघाली, तशी त्यांनी आपली गाडी तिच्या मागे लावली. रिकामी. हिंगोलीपर्यंत मागे, दवाखान्यासमोर थांबले, परत गोरेगावपर्यंत मागे. सोमवारीही तेच. जीप थांबली की हे थांबणार, जीप निघाली की हे निघणार. आता तर गावाला हसायला दिवस पुरेना. मी मामांवर चिडलो, म्हणालो, लोक हसून राहिले. ते म्हणाले, हसू दे, गाडीला रस्ता लागतो.

किती आठवडे हे चाललं ते मी मोजलं नाही. एका गुरुवारी हिंगोलीच्या स्टँडवर जीप भरली होती. तिचा जुना, काळा धूर मागच्या फाटक्या ताडपत्रीतून आत येत होता. सोनीबाई खाली उतरली, मुलगा नको म्हणत असताना रस्ता ओलांडून आमच्या गाडीपाशी आली आणि काचेवर टकटक केली. म्हणाली, "दार उघडा, मामा. तिकडं लई धूर हाय." ती बसली आणि तिने दार धाडकन लावलं. मामा म्हणाले, हळू लाव, तुह्या बापाची गाडी न्हाई. त्या दिवशी मीही मागच्या सीटवर होतो. इतकं गोड बोलणं मी मामांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात, हळद शिजवायच्या दिवसांत, मामा गेले. शेतात कढईपाशी उभे राहून जाळ कमी लावल्याबद्दल कोणाला तरी बोलत होते, वाक्य अर्धं राहिलं आणि ते खाली बसले. डॉक्टरकडे नेण्याइतकाही वेळ त्यांनी दिला नाही. मी पोहोचलो तेव्हा कढई उकळत होती आणि सगळे गडी गप्प उभे होते. कोणीतरी रागवावं म्हणून वाट बघत असल्यासारखे.

तेराव्याला, पाहुण्यांची पानं उठायच्या आत, दादाने गाडीचा विषय काढला. थोरला भाचा म्हणून गाडी त्याच्याकडे यावी, हे त्याने गृहीत धरलं होतं. नाक्यावरच्या मिस्त्रीशी त्याचं बोलणंही झालं होतं. फिल्टर कापून रिकामा करायचा, मग दिव्याची भानगड नाही, आणि सीझनला परण्याला भाड्याने लावायची. हे तो मामांच्या फोटोसमोर बसून सांगत होता. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की शेवटी किल्ली माझ्या खिशात होती आणि आई, जिने आजवर थोरल्याचीच बाजू घेतली, ती माझ्याकडे बघून म्हणाली, राहू दे त्याच्याकडे. दादाशी मी अजून बोलत नाही. मला मामांसारखं शांतपणे बस, पाणी पी म्हणता येत नाही.

सोमवारी मी दुकान बंद ठेवून तांड्यावर गेलो. सोनीबाई ओट्यावर बसली होती. मामा गेल्यावर ती एकदोनदा जीपने हिंगोलीला गेली, मग जाणंच सोडलं. पाय पुन्हा सुजले होते, चेहराही सुजला होता. मुलगा हात जोडून म्हणाला, आई ऐकत नाही, म्हणते आता बस झालं, किती दिवस सुया टोचून घ्यायच्या. सोनीबाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मग माझा तोल गेला. आजारी बाईशी कसं बोलावं याचं भान राहिलं नाही. मी तिच्यावर ओरडलो, तिच्या मुलावर ओरडलो, दादावर ओरडलो जो तिथे नव्हता, मामांवर ओरडलो जे कुठेच नव्हते. एक माणूस जीपच्या मागे रिकामी गाडी घेऊन फिरला ते काय हसं करून घ्यायला? आज दुकान बंद ठेवून आलोय, गाडीत दिवा लागलाय, ती काय मी एकट्याने पळवू? तांड्यावरची माणसं गोळा झाली. माझा घसा बसला तेव्हा मी थांबलो.

सोनीबाईने पदर सावरला. मुलाचा हात धरून ती हळूहळू उठली, ओट्यावरून उतरली, मध्ये दोनदा थांबली, गाडीपाशी आली. माझ्याकडे एकवार पाहिलं. म्हणाली, "ओरडू नको. मी काई माह्यासाठी न्हाई येऊन राहिले. गाडीसाठी येऊन राहिले."

ती मागच्या सीटवर बसली आणि तिने दार हळू लावलं.